चूक कुणाची, धाव कुणाच्या नावावर?

क्रिकेटमध्ये झेल सुटतो क्षेत्ररक्षकाच्या हातून, धावा मात्र चढतात गोलंदाजाच्या नावावर. बेसबॉलने या दुखण्यावर शंभर वर्षांपूर्वीच एक तोड काढली. ही तोड आहे तरी काय? आणि तिने खरोखर न्याय होतो का?

बंगळूरच्या दक्षिणेला जे. पी. नगर आहे. जयप्रकाश नारायणांच्या नावाची, एकामागून एक ‘फेज’ वाढत गेलेली ही वसाहत. इथे कानडी, तमिळ, तेलुगू घरांच्या शेजारी मराठी घरंही आहेत. पुण्या-मुंबईसारखाच इथेही कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी अमेरिकेत नोकरीला असते. मग व्हिसा, विमानप्रवास आणि आजी-आजोबांचा सहा महिन्यांचा मुक्काम हे ओघानेच आलं.

तिथे एखाद्या रविवारी नातवंडं बेसबॉल पाहायला घेऊन जातात. जन्मभर क्रिकेट पाहिलेल्या आजोबांचा पहिला तास बरा जातो. चेंडू आहे, बॅट आहे, झेल आहेत, धावा आहेत. घोडं अडतं ते धावफलकापाशी. तिथे प्रत्येक संघापुढे तीन आकडे असतात. पहिला धावांचा, दुसरा ‘हिट’चा आणि तिसरा ‘ई’, म्हणजे एररचा. क्षेत्ररक्षकांनी किती चुका केल्या, ते हजारो प्रेक्षकांदेखत टांगून ठेवलेलं! त्याहून मोठं कोडं पुढेच असतं. समोरच्या संघाने पाच धावा काढलेल्या दिसतात, पण नातू सांगतो, “पिचरच्या नावावर दोनच.” मग उरलेल्या तीन गेल्या कुठे?

या तीन धावांचा हिशेब समजला की बेसबॉल अर्धं समजलं.

क्रिकेटची वही बेसबॉलच्या घरी

गंमत अशी, की हा हिशेब घालणाऱ्यांचा मूळपुरुष क्रिकेटचाच माणूस होता. हेन्री चॅडविक हे त्याचं नाव. १८२४ साली इंग्लंडमधल्या एक्सेटर गावी त्याचा जन्म झाला. लहान वयातच तो घरच्यांबरोबर अमेरिकेत आला. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांसाठी तो क्रिकेटच्या सामन्यांचं वर्णन लिहीत असे. पुढे बेसबॉलने त्याला भुरळ घातली आणि क्रिकेटच्या धावपत्रिकेच्या धर्तीवर त्याने बेसबॉलचा ‘बॉक्स स्कोअर’ बसवला. कोणत्या धावा फलंदाजांनी कमावल्या आणि कोणत्या त्यांना क्षेत्ररक्षकांच्या कृपेने फुकट मिळाल्या, हा भेदही त्याच काळात रुजला. १९०८ साली चॅडविक वारला. त्यानंतर १९१२ मध्ये नॅशनल लीगने आणि १९१३ मध्ये अमेरिकन लीगने पिचरचं मोजमाप अधिकृतपणे या कमावलेल्या धावांवर करायला सुरुवात केली. कमावलेली ती ‘अर्न्ड रन’, फुकटची ती ‘अनअर्न्ड रन’.

म्हणजे वही क्रिकेटकडून गेली, पण तिच्यात एक नवा रकाना आखला गेला. तो क्रिकेटने आजतागायत आखलेला नाही.

न घडलेला डाव

आधी खेळाची थोडी ओळख करून घेऊ. बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात. तीन गडी बाद झाले की डाव संपला. पिचर चेंडू टाकतो, त्याच्यासमोर फलंदाज आणि फलंदाजाच्या मागे कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकाचा भाऊबंद. फलंदाजाने चेंडू मारायचा आणि नव्वद-नव्वद फुटांवरच्या चार बेसना वळसा घालून घरी परतायचं. घरी आला की एक धाव.

ती धाव पिचरच्या नावावर मांडायची की नाही, हे ठरवण्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो. क्षेत्ररक्षकांनी एकही चूक केली नसती आणि कॅचरच्या हातून चेंडू निसटला नसता, तर हा डाव कसा झाला असता, तो डोळ्यांपुढे आणायचा. त्या न घडलेल्या डावातही जी धाव निघाली असती, ती पिचरची. जी निघाली नसती, ती त्याच्या खात्यावर नाही.

समजा, सुट्टीला आलेल्या नातवाने जे. पी. नगरमधल्या एखाद्या मैदानावर हा खेळ मांडला आहे. दोन गडी बाद आहेत. तिसऱ्याने चेंडू सरळ क्षेत्ररक्षकाकडे मारला. सोपा चेंडू, पण तो हातातून निसटला आणि फलंदाज पहिल्या बेसवर पोचला. पुढच्याने चेंडू थेट कुंपणापार धाडला. दोन धावा झाल्या. पिचरच्या नावावर किती? शून्य. कारण तो सोपा चेंडू अडवून फेकला असता, तर तिसरा गडी बाद होऊन डाव तिथेच संपला असता. षट्काराची ती धावसुद्धा फुकटची! त्यानंतर त्या डावात आणखी दहा धावा निघाल्या, तरी त्या पिचरच्या नावावर लागत नाहीत.

आता हीच चूक डावाच्या सुरुवातीला, एकही गडी बाद नसताना झाली असं धरा. पहिला फलंदाज चुकीमुळे वाचला, दुसऱ्याने चेंडू कुंपणापार मारला. धावा पुन्हा दोनच, पण हिशेब वेगळा. पहिला बाद व्हायलाच हवा होता, म्हणून त्याची धाव फुकटची. दुसरा मात्र कसाही झाला तरी खेळायला आलाच असता, म्हणून त्याची धाव पिचरच्या माथी. चूक तीच, फटका तोच. फक्त चूक केव्हा झाली, यावर पिचरचं नशीब ठरलं.

तिसरा मासला जरा नाजूक आहे. पहिल्या बेसवर एक जण उभा आहे. कॅचरच्या हातून सोपा चेंडू सुटला आणि तो दुसऱ्या बेसवर सरकला. पुढच्या फलंदाजाच्या साध्या फटक्यावर तो घरी आला. तो पहिल्याच बेसवर असता, तर एवढ्या फटक्यावर आला असता का? बहुधा नाही. म्हणून ही धाव तूर्त फुकटची. पण त्याच्या पुढच्या फलंदाजाने कुंपणापार फटका मारला तर? मग तो बेसवरचा गडी तसाही घरी आलाच असता, म्हणून तीच धाव आता पिचरच्या नावावर लागते. त्यामुळे पुष्कळदा डाव संपेपर्यंत हिशेब पक्का करता येत नाही. आणि कितीही विचार करून शंका फिटली नाही, तर नियम सांगतो, संशयाचा फायदा पिचरला.

माफी सगळ्यालाच नाही

याचा अर्थ पिचरला सगळं माफ, असा मात्र नाही. त्याने चार चेंडू बाहेर टाकले की फलंदाज फुकट पहिल्या बेसवर जातो. हे ‘फुकट’ पिचरनेच दिलेलं असल्यामुळे त्यातून निघालेली धाव त्याच्याच नावावर. अंगावर चेंडू मारला, तरी तेच. कॅचरला आवरणं शक्य नाही असा वेडावाकडा चेंडू टाकला, तरी तेच. आवरता येण्यासारखा चेंडू सुटला, तर मात्र दोष कॅचरचा. आपल्याकडे वाइड आणि बाय यांच्यात असतो, तसाच हा फरक.

मग पिचरच्याच हातून समोर आलेला सोपा चेंडू सुटला तर? इथे नियम भलताच उदार आहे. चेंडू हातातून सुटल्यावर पिचर हाही एक क्षेत्ररक्षकच होतो. क्षेत्ररक्षक म्हणून त्याने केलेली चूक पिचर म्हणून त्याच्या नावावर धाव चढवत नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाजाने स्वतःच्या गोलंदाजीवर झेल सोडला, तर त्याला अशी पळवाट नाही.

आणखी एक कलम ध्यानात ठेवण्यासारखं आहे. दमलेल्या पिचरला मध्येच बदलता येतं. त्याने बेसवर चढू दिलेले गडी नव्या पिचरच्या वेळी घरी आले, तर त्या धावा गेलेल्या पिचरच्या नावावर लागतात. आधीच्याचं देणं नव्याने फेडायचं नाही. मात्र नव्याला आधीच्या चुकीची सवलतही नाही. वर सांगितलेल्या पहिल्या उदाहरणात चुकीनंतर पिचर बदलला असता, तर षट्कार मारणाऱ्याची धाव नव्या पिचरच्या नावावर पडली असती.

सगळी बेरीज झाली की अर्न्ड रनची संख्या घ्यायची, नवाने गुणायची आणि पिचरने जितके डाव टाकले त्याने भागायची. साठ डावांत वीस अर्न्ड रन, तर सरासरी तीन. १९६८ साली सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने ही सरासरी १.१२ वर आणली. त्या मोसमात पिचरांनी फलंदाजांना इतकं सळो की पळो केलं, की पुढच्या वर्षी पिचरच्या उंचवट्याची उंची पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणली गेली.

वही लिहिणारा न्यायाधीश

पण ‘चूक’ कशाला म्हणायचं, हे ठरवतो कोण? इथे बेसबॉल आणि क्रिकेट यांच्या वाटा पार वेगळ्या होतात. क्रिकेटचा स्कोअरर पंचांच्या खुणेचा बांधलेला. पंचाने बायची खूण केली की बाय, वाइडची केली की वाइड. झेल सोपा होता की अवघड, यावर त्याने मत द्यायचं नसतं. बेसबॉलचा अधिकृत स्कोअरर मात्र पत्रकारांच्या कक्षात बसून निवाडे देतो. त्याची कसोटी एकच. त्या जागेवरच्या सर्वसाधारण क्षेत्ररक्षकाने साध्या प्रयत्नात तो चेंडू आवरला असता का? असता, तर ‘एरर’. नसता, तर फलंदाजाचा ‘हिट’.

हे निवाडे नेहमीच गोड नसतात. एक नियम तर असा आहे, की क्षेत्ररक्षकाची फेक अगदी अचूक असली, पण ती धावणाऱ्याच्या अंगावर आपटून भलतीकडे गेली आणि त्यामुळे गडी पुढे सरकला, तर एरर फेकणाऱ्याच्याच नावावर. त्याच्यावर अन्याय होतोय असं दिसलं, तरीही! कारण पुढे सरकलेल्या प्रत्येक पावलाचा हिशेब कुणाच्या तरी नावावर मांडायचाच, हा तिथला दंडक.

हा नियम वाचला की क्रिकेटरसिकाला १४ जुलै २०१९ ची संध्याकाळ आठवल्याशिवाय राहत नाही. लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना. अखेरच्या षटकात इंग्लंडला पंधरा धावा हव्या होत्या आणि चेंडू होता न्यूझीलंडच्या ट्रेंट बोल्टकडे. चौथ्या चेंडूवर मार्टिन गप्टिलने सीमेवरून फेक केली. दुसऱ्या धावेसाठी झेपावलेल्या बेन स्टोक्सच्या बॅटला ती लागली आणि चेंडू सीमापार गेला. पंचांनी सहा धावा दिल्या. त्या सहाच्या सहा बोल्टच्या पृथक्करणात जमा झाल्या. सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि चौकार-षट्कारांच्या संख्येवर विश्वचषक इंग्लंडला गेला. बोल्टची नोंद राहिली, १० षटकं, ६७ धावा, बळी नाही. त्यातल्या चार धावांशी त्याच्या गोलंदाजीचा काहीएक संबंध नव्हता, हे ती नोंद सांगत नाही. बेसबॉलच्या वहीत अशा वेळी गप्टिलच्या नावावर एरर लागला असता. त्याचीही चूक नव्हती, हा भाग वेगळा.

लॉर्ड्सचा तो झेल

त्याच लॉर्ड्सवर २६ जुलै १९९० रोजी एक झेल सुटला. इंग्लंडचा कर्णधार ग्रॅहम गूच ३६ धावांवर होता. संजीव शर्माच्या चेंडूवर त्याची बॅट लागली आणि यष्टींमागे बडोद्याच्या किरण मोरेच्या हातून झेल निसटला. पुढे काय झालं ते सर्वश्रुत आहे. गूचने ३३३ केल्या, इंग्लंडने ४ बाद ६५३ वर डाव घोषित केला आणि भारत २४७ धावांनी हरला.

आज त्या डावाची धावपत्रिका काढून पाहिली, तर संजीव शर्मापुढे १२२ धावांत एक बळी एवढंच दिसतं. त्याने गूचला ३६ वर फसवलं होतं, याची खूण कुठेही नाही. आणि मोरेच्या हातून काय सुटलं, याचीही नाही. शर्माच्या वाट्याला जन्मात दोनच कसोट्या आल्या. लॉर्ड्सची ही दुसरी आणि अखेरची. झेल घेतला गेला असता तर त्याची कारकीर्द लांबली असती, असं छातीठोकपणे कुणी म्हणू शकत नाही. पण निवड समितीपुढे गेलेल्या कागदावर त्याची बाजू मांडणारा रकानाच नव्हता, हे मात्र खरं.

क्रिकेटने अशा बाबतीत अगदीच डोळे मिटून घेतलेत, असं नाही. बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या नावावर लागत नाहीत. उलट १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाइड आणि नो-बॉलही त्याच्या पृथक्करणात धरले जात नसत. ज्याची चूक त्याच्या पदरात, या न्यायाने ते पुढे धरले जाऊ लागले. पण सुटलेला झेल आणि भिरकावलेली फेक यांपर्यंत हा न्याय अजून पोचलेला नाही.

एकत्र कुटुंब आणि वेगळी खाती

यावर क्रिकेटवाल्यांचं उत्तर बंगळूरमध्येच सापडतं. अनिल कुंबळे आणि राहुल द्रविड, दोघेही याच शहरात लहानाचे मोठे झाले. द्रविड मराठी घरातला, जन्म इंदूरचा. कसोटीत २१० झेलांचा त्याचा विक्रम जुलै २०२५ मध्ये इंग्लंडच्या जो रूटने मोडेपर्यंत टिकला. त्यांतले ५५ झेल एकट्या कुंबळेच्या गोलंदाजीवरचे. ७ फेब्रुवारी १९९९ रोजी दिल्लीत कुंबळेने पाकिस्तानचे दहाच्या दहा गडी ७४ धावांत टिपले. त्यांतले पाच झेलबाद होते. मोंगियाचा एक, गांगुलीचा एक, लक्ष्मणचे दोन आणि द्रविडचा एक. विक्रम मात्र कुंबळेचा.

म्हणजे क्रिकेटमध्ये गोलंदाज आणि क्षेत्ररक्षक यांचं एकत्र कुटुंब आहे. मिळकतही सामाईक, नुकसानही सामाईक आणि दोन्ही कर्त्याच्या नावावर. बेसबॉलमध्ये ज्याचं त्याचं खातं वेगळं.

पण वेगळ्या खात्यांनी तरी पुरता न्याय होतो का? एक पळवाट बघा. जो चेंडूपर्यंत पोचलाच नाही, त्याच्या नावावर चूक लागत नाही. चपळ क्षेत्ररक्षक जिवाच्या आकांताने धावतो, चेंडू गाठतो आणि हातातून सोडतो. त्याला एरर लागू शकतो. आळशी गडी दोन पावलं टाकून थांबतो, चेंडू बाजूने निघून जातो, तो मात्र ‘हिट’ आणि त्यातून आलेली धाव पिचरच्या माथी. शिवाय क्षेत्ररक्षकाच्या चुकीची सूट पिचरला मिळते, पण त्याच्या अफलातून झेलाचं देणं कुठेच मांडलं जात नाही. एकाला सूट द्यायची म्हणजे दुसऱ्याचं नाव पुकारायचं, ही या पद्धतीची खरी किंमत.

वही नीट वाचली तर

ती किंमत बिल बकनरने मोजली. २५ ऑक्टोबर १९८६. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर वर्ल्ड सीरिजचा सहावा सामना. बोस्टनला १९१८ नंतरचं पहिलं विजेतेपद हाताशी दिसत होतं. दहाव्या डावात बोस्टन ५–३ ने पुढे, न्यूयॉर्कचे दोन गडी बाद, बेसवर कुणी नाही. पिचर होता कॅल्विन शिराल्डी. त्याला लागोपाठ तीन फटके बसले, एक धाव आली. बोस्टनने बॉब स्टॅन्लीला आणलं. त्याचा एक चेंडू कॅचरला न आवरता निसटला आणि बरोबरी झाली. मग मूकी विल्सनने मारलेला सरपटी चेंडू पहिल्या बेसवरच्या बकनरच्या दोन पायांमधून निघून गेला. न्यूयॉर्क ६–५ ने जिंकलं आणि पुढे सातवा सामनाही जिंकून विजेतं ठरलं.

बोस्टनने सगळं खापर बकनरवर फोडलं. कारकिर्दीत २,७१५ हिट मारणारा हा फलंदाज एका चेंडूसाठी ओळखला जाऊ लागला. आता त्या डावाचा हिशेब वहीप्रमाणे मांडून पाहा. तीन धावा. पहिल्या दोन अर्न्ड, म्हणजे पिचरच्या. स्टॅन्लीच्या निसटत्या चेंडूवर आलेली धावसुद्धा नियमाप्रमाणे, गडी बेसवर चढू देणाऱ्या शिराल्डीच्याच नावावर. फक्त तिसरी धाव फुकटची. बकनरच्या पायांतून चेंडू गेला, तेव्हा बोस्टनची आघाडी आधीच पुसली गेली होती. तो चेंडू अडला असता, तरी सामना बरोबरीतच राहिला असता. शिवाय सातवा सामना अजून व्हायचा होता.

म्हणजे वहीने बकनरच्या पदरात जेवढं त्याचं होतं, तेवढंच घातलं होतं. एक चूक, एक धाव. बाकीचं सगळं लोकांनी घातलं. संजीव शर्माच्या बाबतीत वही मुकी राहिली. बकनरच्या बाबतीत ती बोलत होती, पण ऐकायला कुणी थांबलं नाही.

एप्रिल २००८ मध्ये मोसमातल्या पहिल्या घरच्या सामन्याआधी बोस्टनने बकनरला पहिला चेंडू टाकायला सन्मानाने बोलावलं. फेनवे पार्कमधले प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले आणि बकनरला डोळे पुसावे लागले. २०१९ साली तो वारला. वहीतला तो ‘ई’ तसाच आहे आणि त्याच्या वरच्या दोन अर्न्ड रनही.